मॅन्युअल ३५ अंशांचं, नागपूर ४५ चं : वस्तू घेतल्यावर या चुका टाळा

गेल्या मे महिन्यात दुपारी दोनला मेहुण्याचा फोन आला, तोही शेजाऱ्याच्या मोबाइलवरून. "भाऊजी, माझा फोन गेला. स्क्रीनवर थर्मामीटर दाखवून राहिला अन् चार्जिंगच घेत नाही. नवीनच घेऊन टाकतो."

फोन होता कुठे? स्कूटरच्या हँडलवर, होल्डरमध्ये. मानेवाड्यापासून सदरपर्यंत भर उन्हात, नकाशा सुरू, वरून पॉवर बँक लावलेली. आणि आता कुठे आहे? "आता फ्रीजमध्ये ठेवला."

त्याला म्हटलं, आधी फ्रीजमधून काढ. बाहेर कूलरची दमट हवा आणि हातात थंडगार फोन. गार ताकाच्या पेल्यावर जसं पाणी सुटतं, तसं ते फोनच्या पोटातही सुटू शकतं. कव्हर काढ, बंद कर, पंख्याखाली पालथा ठेव. अर्ध्या तासात फोन सुरू झाला. वीस हजार वाचले, मात्र मेहुण्याचा चेहरा असा होता की जणू मीच त्याचा नवा फोन हिरावून घेतला.

यात फोनचं काही चुकलं नव्हतं. आयफोनच्या माहितीत लिहिलेलं असतं, वापरताना आजूबाजूचं तापमान ० ते ३५ अंश असावं. बऱ्याच फोन-लॅपटॉपचा हिशेब याच्याच आसपास असतो. एसीची क्षमता मोजतात तीही बाहेर ३५ अंश धरून. इन्व्हर्टरच्या बॅटरीची क्षमता आपल्याकडे २७ अंशांवर ठरते. आणि नागपुरातला मे ४५ चा. २३ मे २०१३ ला तर पारा ४७.९ वर गेला होता. मे २०२४ च्या अखेरीस शहरातल्या एका स्वयंचलित केंद्राने ५६ अंश दाखवले, नंतर हवामान खात्याने सेन्सर बिघडल्याचं सांगितलं. तापमान मोजणाऱ्या यंत्राची ही गत, तर आपल्या फोनचं काय घेऊन बसलात! म्हणून माझा नियम असा की वस्तूवर आळ घेण्याआधी ती ठेवलेली जागा बघायची.

चार्जिंग : वेळ चुकते, जागा चुकते

लिथियम बॅटरीला सर्वात जास्त त्रास होतो तो उष्णता आणि १०० टक्के चार्ज एकत्र आल्यावर. वरच्या मजल्याचा स्लॅब रात्री बारालाही तापलेला असतो. त्या खोलीत उशीखाली फोन, कव्हर चढवलेलं, रात्रभर चार्जर लावलेला, म्हणजे बॅटरी रोज सहा तास भट्टीत. उन्हाळ्यापुरती सवय बदला आणि सकाळी हवा गार असताना चार्ज करा. आता बहुतेक फोनच्या बॅटरी सेटिंगमध्ये ८० टक्क्यांवर थांबवण्याची सोय असते, ती सुरू करून ठेवा. लॅपटॉप दिवसभर टेबलावर चार्जरला लावून वापरणाऱ्यांनी तर आजच.

जुना फोन "असू दे कामाला" म्हणून कपाटात टाकताना शून्यावर आणून टाकू नका, पूर्ण भरूनही नको. निम्मा चार्ज ठेवून बंद करा, दोन-तीन महिन्यांनी एकदा बघा. पाठ फुगलेली दिसली तर चार्जर लावायचा नाही, टोचायचं नाही, दाबून बसवायचं नाही.

आणि "चार्जिंग जॅक गेला" हे वाक्य ऐकलं की थांबा. बायकोचा फोन महिनाभर वायर तिरकी धरूनच चार्ज व्हायचा. बर्डीत एका दुकानात नऊशे रुपये सांगितले. घरी येऊन फोन बंद केला, टॉर्च मारला, तर भोकाच्या तळाशी करडा थर. लाकडी टूथपिकने बाजूबाजूने हलकेच उकरलं. मधल्या पट्टीला धक्का लावायचा नाही आणि पिन-सुई तर नकोच. मुगाच्या डाळीएवढा कापूस निघाला, पर्समधल्या रुमालाचा आणि वर्षभराच्या धुळीचा. वायर 'टक्' करून आत बसली. वायर पूर्ण आत जात नसेल, किंवा बसल्यावरही डुगडुगत असेल, तर दहा मिनिटं हे करून बघायला काय जातं?

कूलरसमोर काय ठेवलंय?

खिडकीत कूलर आणि समोरच्या भिंतीवर टीव्ही ही आपल्याकडची ठरलेली मांडणी. ताट्या नव्या असल्या किंवा पाणी जास्त सुटलं की कूलर हवेबरोबर बारीक तुषारही फेकतो. बोअरचं पाणी असेल तर त्यात क्षार. शेजारच्या काकूंच्या टीव्हीच्या खालच्या कडेला हात फिरवला, तर बोटाला पांढरी भुकटी लागली. स्क्रीनवर उभ्या रेषा दिसू लागल्या होत्या त्याच बाजूला. पाणी आत गेलं की वॉरंटीवाले हात वर करतात. टीव्ही, राउटर, कॉम्प्युटर हे कूलरच्या सरळ झोतातून बाजूला काढा. तुषार येत असतील तर कूलरच्या पंपाच्या नळीतला पाण्याचा प्रवाह कमी करा. दारंखिडक्या सगळ्या लावून कूलर चालवणं ही आणखी एक हौस. समोरून हवा बाहेर जायला वाट नसेल तर खोली गार होत नाही, नुसती चिकट होते.

काही घरांत एसी आणि कूलर एकाच खोलीत एकाच वेळी चालतात. एक हवेतलं पाणी काढतोय, दुसरा भरतोय. बिल तेवढं तुमचं.

"गॅस कमी झाला, साहेब"

एसीबद्दल जरा सविस्तर बोलतो, कारण पैसे इथे जातात. दर मार्च-एप्रिलला सर्व्हिसिंगवाला येतो, नळीला हात लावतो आणि गॅस भरायला सांगतो. एसीचा गॅस पेट्रोलसारखा जळून संपत नाही. तो बंद नळ्यांमधून फिरत राहतो. खरंच कमी झाला असेल तर कुठेतरी गळती आहे. ती न शोधता भरलेला गॅस पुढच्या मार्चपर्यंत पुन्हा उडतो, आणि आपण त्याला "दरवर्षीचा खर्च" म्हणू लागतो. सरळ विचारायचं: गळती कुठे आहे ते दाखव. साबणाच्या पाण्याचा फेस जोडावर लावला की मोठी गळती असेल तर बुडबुडे आपल्याही डोळ्यांना दिसतात.

त्याआधी घरच्या घरी दोन गोष्टी बघा. आतल्या युनिटच्या जाळ्या काढून नळाखाली धुवा. उन्हाळ्यात दर पंधरा दिवसांनी. नळीवर किंवा आतल्या कॉइलवर बर्फ जमत असेल तर आधी या जाळ्याच तुंबल्यात का ते तपासा. दुसरं, गच्चीवरचं युनिट. पश्चिमेच्या भिंतीला, पाठीशी जेमतेम वीतभर जागा, समोर जुना कूलर आणि गाद्यांचा ढीग, पातळ पट्ट्यांमध्ये धूळ आणि कबुतराची पिसं. ज्या यंत्राचं कामच खोलीतली उष्णता बाहेर फेकणं, त्याला फेकायलाच जागा नाही. वर थोड्या अंतरावर ग्रीन नेटची सावली करा, पण चहूबाजूंनी गुंडाळू नका.

रिमोट १८ वर ठेवल्याने खोली लवकर गार होत नाही, फक्त एसी उशिरापर्यंत थांबत नाही. जानेवारी २०२० पासून नवे रूम एसी सुरू होताना २४ वर सुरू होतात, ते उगाच नाही. ऊर्जा दक्षता ब्युरोच्या हिशेबाने एक अंश वाढवला की सुमारे ६ टक्के वीज वाचते. २६ आणि वर पंखा, हे जमतंय का ते एक रात्र करून बघा.

इन्व्हर्टरला पाणी कोणतं?

लाईन गेल्यावरच इन्व्हर्टरची आठवण येते, तोवर बॅटरीतलं पाणी आटून प्लेटा उघड्या पडलेल्या असतात. शिशाच्या बॅटरीचं ढोबळ गणित असं आहे की तापमान सतत दहा अंशांनी जास्त राहिलं की आयुष्य जवळपास निम्मं होतं. जिन्याखालच्या कोंदट कपाटातली बॅटरी म्हणूनच लवकर बसते. बॅटरीवरचे पाण्याची पातळी दाखवणारे फ्लोटचे दांडे एप्रिल ते जून महिन्यातून एकदा बघायचे.

पाणी डिस्टिल्डच. "आरओचं चालते ना" म्हणणारे बरेच भेटतात. नाही चालत, त्यात क्षार उरतातच. एसीच्या नळीचं बादलीत धरलेलं पाणीही नको. ते दिसायला स्वच्छ, पण कॉइलवरची धूळ आणि धातूचे अंश घेऊन येतं. वीस-तीस रुपये लिटरच्या पाण्यासाठी पंधरा हजारांची बॅटरी पणाला लावू नका. ॲसिड घरी कधीच ओतायचं नाही.

फ्रीजला हात लावला की मुंग्या येतात? फ्रीज बदलू नका, वायरमनला बोलवा. मे महिन्यात जमीन कोरडी पडते आणि अर्थिंगचा जोर कमी होतो. स्वतंत्र घर असेल तर अर्थिंगच्या खड्ड्यात आठवड्याला बादलीभर पाणी ओता. तीन पिनांचा प्लग दोन पिनांच्या सॉकेटमध्ये बसवणारी ती छोटी टोपी घरातून काढून टाका, कारण तिने अर्थिंग तुटतं. अर्थिंग नसेल तर महागडा स्पाइक गार्डही बरंचसं काम करू शकत नाही. मृगाच्या विजा सुरू झाल्या की राउटर आणि टीव्हीचा प्लग तर काढाच, बाहेरून येणारी तांब्याची केबलही सोडवा.

थोडं थोडं

नव्या टीव्हीचे रंग डोळ्यांत जात असतील तर तो अजून दुकानाच्या मोडमध्ये आहे का ते सेटिंगमध्ये बघा. होम मोड करा, वीजही कमी लागेल. सिनेमा मालिकेसारखा गुळगुळीत दिसत असेल तर मोशनचं सेटिंग बंद करा. साउंडबार लावून आवाज येत नसेल तर वायर 'एआरसी' लिहिलेल्या एचडीएमआय पोर्टमध्येच आहे ना? राउटर लोखंडी कपाटावर ठेवला की मागच्या खोलीत नेट रडणारच. इंक टँकचा प्रिंटर महिनाभर बंद ठेवला की कोरड्या हवेत शाई नोझलमध्ये वाळते. आठवड्याला एक रंगीत पान काढा.

दुकानातलं छोटं बिल बहुतेक वेळा थर्मल कागदावर असतं. आपल्या उन्हाळ्यात वर्षभरात ते कोरं होतं, आणि बिघाड नेमका अकराव्या महिन्यात येतो. घेतल्या दिवशीच बिल, वॉरंटी कार्ड आणि वस्तूवरचा सिरियल नंबर यांचे फोटो काढून स्वतःला ईमेल करा. फोनचा आयएमईआय, म्हणजे ओळख क्रमांक, *#०६# दाबून मिळतो, तोही लिहून ठेवा. फोन चोरीला गेला तर सरकारच्या संचार साथी पोर्टलवर तो ब्लॉक करायला हा नंबर लागतो. दुकानदार आणि कंपनी एकमेकांकडे बोट दाखवू लागले की १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते. ग्राहक आयोगात जायचं असेल तर साधारण दोन वर्षांची मुदत असते, "बघू दिवाळीनंतर" करत बसू नका.

मिक्सरचं सांगायचं राहिलं. शेंगदाण्याची चटणी वाटता वाटता आईचा मिक्सर बंद पडला. "जळला वाटते," म्हणून ती पिशवीत घालून ऑटोने गोकुळपेठेत घेऊन गेली. दुरुस्तीवाल्याने मिक्सर उलटा केला, तळाचं लाल बटण दाबलं. मोटरवर जास्त भार आला की ते आपोआप बाहेर येतं. भांडं हलकं करून, मोटर गार झाल्यावर पुन्हा आत दाबायचं, एवढंच. त्याने पन्नास रुपये घेतले. आई म्हणाली, "बटण दाबायचे पन्नास?" तो म्हणाला, "नाही मावशी, कोणतं दाबायचं त्याचे." ऑटोचे जायचे-यायचे एकशे साठ वेगळे.