इनटेक व्हॉल्व्हची फुसफुस : माझा अनुभव
छत्रपती संभाजीनगरच्या हँगरात ट्रेनर विमान तपासणीला आलेलं, लायकमिंग कंपनीचं चार सिलिंडरचं इंजिन. सिलिंडर गळतात का ते पाहायला गरम इंजिनाच्या एकेका सिलिंडरात ८० पीएसआय (दाबाचं एकक) हवा सोडली. तिसऱ्या सिलिंडरात जेमतेम ५२ टिकली. (प्रोपेलर घट्ट धरायला माणूस हवाच, नाहीतर फिरून डोकं फोडेल.) कान लावला. एक्झॉस्ट गप्प, ब्रीदर (इंजिनाच्या पोटातली हवा बाहेर सोडणारी नळी) गप्प, कार्ब्युरेटरच्या तोंडाशी मात्र फुसफुस. म्हणजे गळतोय तो इंधन-हवा आत घेणारा इनटेक व्हॉल्व्हच.

सिलिंडर उतरवला तर व्हॉल्व्हच्या कडेला खड्डा पडलेला. नवा घेताना ८१३०-३ किंवा ईएएसए फॉर्म १ (भाग अधिकृत असल्याचं अमेरिकी किंवा युरोपीय प्रमाणपत्र) नसेल, तर कितीही स्वस्त असो, आमच्या लेखी भंगार. ट्रॅक्टरवाल्या मामांना हे काही पटत नाही! गाइड (व्हॉल्व्हची दांडी सरकते ती नळी) मापला, सीट (व्हॉल्व्ह टेकतो ती कड) घासली, पोर्टात पेट्रोल ओतलं. थेंब झिरपला नाही. पुशरॉड (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या रॉकरला ढकलणारी दांडी) बदलून ड्राय टॅपेट क्लिअरन्स (टॅपेटमधलं तेल काढल्यावर व्हॉल्व्ह आणि रॉकरमध्ये उरणारी फट) ०.०२८ ते ०.०८० इंचांत बसवला. पुन्हा हवा सोडली, ७६.