मशीन व्हिजन : या चुका टाळा, कॅमेरा शेवटी घ्या

मशीन व्हिजन म्हणजे लाइनवरचे पार्ट कॅमेऱ्याने तपासणं. त्यासाठी येणारा फोन ठरलेलाच असतो. "सर, बारा मेगापिक्सेलचा कॅमेरा घेतलाय, तरी स्क्रॅच पकडत नाही." लाइट कोणता, असं विचारलं की पलीकडे शांतता.

चाकणच्या एका कारखान्यात ग्राइंडिंग झालेल्या स्टीलच्या रिंगा तपासायच्या होत्या. कॅमेऱ्याबरोबर सवलतीत मिळाला म्हणून रिंग लाइट, म्हणजे लेन्सभोवती बसणारा गोल एलईडी दिवा, लावलेला. प्रत्येक रिंगेच्या तोंडावर एलईडींची पांढरी माळ उमटायची आणि ओरखडा नेमका त्या चमकेत गडप व्हायचा. त्यांनी आधी मोठा कॅमेरा आणला, मग 'एआय करेल' म्हणत सॉफ्टवेअर. चमक आणखी रेखीव दिसू लागली, एवढंच! मी लाइट बंद करायला लावला आणि मोबाइलचा टॉर्च टेबलाला टेकवून आडवा धरला. रिंग काळी पडली, ओरखडा पांढऱ्या केसासारखा उठून दिसला. आडवा प्रकाश सपाट भागावरून पलीकडे निघून जातो, ओरखड्याची कड तेवढी तो वर कॅमेऱ्याकडे फेकते. शेवटी असा आडवा प्रकाश टाकणारा लो-अँगल लाइट लागला आणि जुना पाच मेगापिक्सेलचाच कॅमेरा पुरला.

तेव्हा कोटेशन मागवण्याआधी पार्ट अंधारात ठेवून टॉर्च फिरवून बघा. माप घ्यायचं तर मागून बॅकलाइट, चकचकीत गोलाईला डोम, म्हणजे सगळीकडून मऊ प्रकाश देणारा घुमटासारखा लाइट. आणि नमुने लाइनवरचे तेलकट घ्या. साहेबांच्या टेबलावरच्या पुसलेल्या पार्टवर काहीही चालतं.

दुसरी चूक घाईची : कन्व्हेअरचा वेग कुणी विचारतच नाही. 120 मिमीचं दृश्य 2448 पिक्सेलवर घेतलं, की एक पिक्सेल म्हणजे साधारण 0.05 मिमी. पार्ट सेकंदाला 300 मिमी पळतोय आणि एक्स्पोजर, म्हणजे सेन्सर प्रकाश घेतो तो वेळ, 2 मिलिसेकंद, तर तेवढ्यात तो 0.6 मिमी सरकतो, म्हणजे बारा पिक्सेल फराटा. फराटा एका पिक्सेलपुरता ठेवायचा तर एक्स्पोजर 150 मायक्रोसेकंदांच्या आसपास हवं, म्हणजे जोरदार स्ट्रोब, क्षणभर लखलखणारा लाइट, आलाच. स्वस्तातला रोलिंग शटर कॅमेरा चित्र एकेक ओळ करून टिपतो, तो धावत्या पार्टसाठी घेऊच नका, गोल भोक तिरकं दिसेल. 'फोटो तर छान येतोय' हे पार्ट थांबवून काढलेल्या फोटोवर म्हणू नये.

लेन्स जेवढ्या गोलात चित्र पाडते त्या इमेज सर्कलपेक्षा सेन्सर मोठा घेतला तर कोपरे काळे पडतात. लेन्स बसवण्याच्या आट्यांचे सी आणि सीएस असे दोन प्रकार असतात. सीएस-माउंट कॅमेऱ्यावर सी-माउंट लेन्स लावताना मधली 5 मिमीची रिंग विसरलात, तर फोकस जन्मात मिळणार नाही. पार्ट जवळ-लांब झाला तरी माप न बदलणाऱ्या टेलिसेंट्रिक लेन्सची पुढची काच पार्टपेक्षा मोठी लागते. किंमत ऐकून मगच हो म्हणा.

कंट्रोल पॅनल कॅमेऱ्यापासून दूर असेल तर यूएसबीच्या नादी लागू नका. गिगई, म्हणजे नेटवर्क केबलवरचा कॅमेरा, 100 मीटरपर्यंत जातं, पण रोबोटच्या हातावर केबल मात्र वाकण्यासाठी बनवलेलीच घ्या. पार्ट आला की कॅमेऱ्याला इशारा देणारा ट्रिगर सेन्सर पीएनपी की एनपीएन (आउटपुटच्या वायरिंगचे दोन प्रकार), हे लाइन चालवणारा पीएलसी कंट्रोलर बघणाऱ्याला ऑर्डरआधी विचारा. लेन्सचे लॉक स्क्रू आवळून मी त्यांवर पेंटचा ठिपका देतो. नाइट शिफ्टमध्ये कुणी फिरवले, तर सकाळी कळतं.