चिठ्ठीत ‘दिलं’ लिहिलंत. पण किती वाजता?

केंद्रात नव्याने येणाऱ्या तुम्हा डॉक्टरांसाठी हे लिहितेय. गोव्याच्या सत्तरी तालुक्यातल्या आरोग्य केंद्रात माझी पहिली पोस्टिंग झाली तेव्हा मला वाटायचं, आजारी मूल रेफर करणं, म्हणजे मोठ्या हॉस्पिटलात पाठवणं, हे सगळ्यात सोपं काम. चिठ्ठी लिहायची, १०८ बोलवायची, आईला धीर द्यायचा, सुटलो. इथे लोकही तयारीनेच येतात. मूल तपासायच्या आधीच आजोबा विचारतात, “बांबोळीक व्हरूंक जाय काय?” म्हणजे बांबोळीच्या मोठ्या हॉस्पिटलात न्यायला हवं का. आपण ‘हो’ म्हटलं की सगळ्यांचा जीव भांड्यात पडतो, आपलाही. हाच दिलासा मला महागात पडला.

ऐन पावसाळा होता. दोन वर्षांची मुलगी, दोन दिवस ताप आणि घरातून निघाल्यापासून चालू असलेली आकडी. शुगर बघितली, ठीक होती. लाइन मिळेना, म्हणजे सुईला शीर सापडेना, म्हणून आकडी थांबवणारं मिडाझोलाम नाकातून दिलं. वजन केलं नव्हतं. वयाच्या सूत्राने बारा किलो धरले आणि दोन पूर्णांक चार मिलिग्रॅम. पाच-सात मिनिटं झाली तरी हात उडतच होते, म्हणून पुन्हा तेवढंच. आकडी थांबली. मी घामाने भिजले होते आणि गाडी दारात उभी होती. चिठ्ठीवर लिहिलं : “ताप, आकडी, मिडाझोलाम दिलं, पुढील उपचारासाठी.” खाली सही, शिक्का. शिक्का मात्र अगदी ठसठशीत उठला होता.

वरच्या हॉस्पिटलात पोचता पोचता तिला परत आकडी आली. तिथल्या डॉक्टरने चिठ्ठी वाचली. ‘दिलं’ म्हणजे एकदाच दिलं, असंच कोणीही समजेल. त्याने आईला विचारलं. ती बिचारी म्हणाली, “नाकांत वखद घालें.” तेही एकदाच घातल्यासारखं. मग त्याने नियमाप्रमाणे दुसरा डोस दिला, जो खरं तर तिसरा होता. मुलीचा श्वास मंदावला, अ‍ॅम्ब्यू करावं लागलं, म्हणजे तोंडावर फुगा दाबून श्वास द्यावा लागला, आणि रात्र आयसीयूत गेली. ती वाचली, आता बरी आहे, हे आत्ताच सांगून टाकते, नाहीतर पुढचं कोणी वाचणार नाही. तिथल्या माणसाची काडीची चूक नव्हती. चूक माझ्या एका क्रियापदाची होती.

हे जरा उगाळूनच सांगते. आकडीच्या औषधांत ‘कितवा डोस’ हाच सगळा निर्णय असतो. मिडाझोलाम, लोराझेपाम, डायझेपाम ही सगळी एकाच जातीची, आणि दोन डोसांनी आकडी थांबली नाही तर तिसरा त्याच जातीचा द्यायचा नसतो. तिथून पुढे दुसऱ्या जातीची औषधं : लेव्हेटिरासिटाम, फेनिटॉइन, नाहीतर व्हॅल्प्रोएट. म्हणजे समोरचा कोणत्या पायरीवर उभा आहे हे त्याला फक्त तुमच्या चिठ्ठीतून कळतं. नुसतं ‘दिलं’ लिहिलंत तर तो पुन्हा पहिल्या पायरीवरून सुरुवात करतो. म्हणून प्रत्येक डोस स्वतंत्र ओळीत : औषध, मिलिग्रॅम, मार्ग, वेळ. एमएल लिहू नका. मिडाझोलाम एक एमएलला एक मिलिग्रॅमचंही येतं आणि पाच मिलिग्रॅमचंही. आणि वजन काट्यावरचं की अंदाजाने, तेही लिहा. त्या मुलीचं खरं वजन नऊ किलो चारशे निघालं.

वेळ मोबाइलमधली घाला. आमच्या ड्रेसिंग रूममधलं भिंतीवरचं घड्याळ बारा मिनिटं पुढे होतं. सगळ्यांना ते माहीत होतं आणि कोणीच ते नीट करत नव्हतं.

आता मी काय करते : चिकटपट्टीचा वीतभर तुकडा कापून मुलाच्या झबल्यावर छातीशी लावते आणि त्यावर बॉलपेनने लिहिते, उदाहरणार्थ, “९.४ किलो. मिडा १.९ मिग्रॅ नाकातून १०.४०. परत १.९ मिग्रॅ नाकातून १०.५०.” चिठ्ठी आईच्या पिशवीत जाते, पिशवी मावशीकडे, मावशी मागच्या रिक्षात. पट्टी मुलाबरोबरच पोचते. एका सीनियरने याची थट्टा केली होती, “शर्टाला किमतीचं लेबल लावलंय का?” लावलंय, सर.

सीनियरांवरून आठवलं. पहिल्याच आठवड्यात मला एकाने कानमंत्र दिला होता, “आधी फोन करायचा नाही. केला की बेड नाही म्हणतात. पेशंट दारात उभा राहिला की घ्यावाच लागतो.” हा मंत्र तुम्हालाही कोणीतरी देईलच. ऐकू नका. फोन बेड मागायला नसतोच. ‘आकडीचं मूल येतंय, साडेनऊ किलो, दोन डोस झालेत’ एवढं आधी कळलं की समोरचा औषध भरून ठेवतो. दुसरी गोड सवय म्हणजे मुलाचा व्हिडिओ व्हॉट्सअ‍ॅपवर टाकून निळ्या खुणांची वाट बघायची. त्या दहा मिनिटांत ऑक्सिजन लावून झाला असता. मला खरं शिकवलं ते आमच्या रात्रपाळीच्या सिस्टरने. ती मुलाच्या कपाळाला हात लावायच्या आधी तळपायाला लावायची. ताप डोक्यात आणि पाय थंडगार असले की तिचा चेहरा बदलायचा. मुलांचं बीपी अगदी शेवटी पडतं. पाय त्याच्या कितीतरी आधी गार होतात.

बाकीच्या गोष्टी तुम्हाला येतातच, त्या भरभर. श्वास पूर्ण मिनिट मोजा. दोन महिन्यांखाली साठ, वर्षाखाली पन्नास, पाच वर्षांखाली चाळीस, तेवढा किंवा त्याहून जास्त असेल तर आकडाच लिहा, ‘धाप लागते’ नको. धापणारं मूल एकदम गप्प झालं आणि आई म्हणाली, “न्हिदलां, दोतोर,” म्हणजे झोपलंय, तर आनंदू नका, उठवून बघा. जुलाबाने शॉकमध्ये गेलेलं, पण कुपोषित नसलेलं मूल गाडीत घालायच्या आधी लाइन आणि आरएल (रिंगर लॅक्टेट) सलाइन सुरू करा. वर्षाखालच्याला किलोमागे ३० एमएल तासाभरात आणि ७० पुढच्या पाच तासांत. मोठ्याला तेच अर्ध्या तासात आणि अडीच तासांत. मेंदूज्वराचा संशय असेल तर सेफ्ट्रियाक्सोन या अँटिबायोटिकचा पहिला डोस इथेच. तान्हं बाळ असेल तर टोपी घालून आईच्या छातीला उघडं लावा, वरून चादर, आणि ड्रायव्हरला एसी बंद करायला सांगा. तीन दुपट्यांत गुंडाळलेली बाळं मी गार पडलेली पाहिली आहेत.

साप आणि विंचू मात्र थोडं थांबून, कारण सत्तरी-पेडण्यात ते चुकणार नाहीत. सगळं वजनावर शिकल्यामुळे आपला हात आपोआप डोस कमी करतो. सापाच्या विषावरचं प्रतिविष मुलालाही मोठ्यांइतकंच. सापाने विष टोचताना वजन बघितलेलं नसतं. विषाची लक्षणं असतील तर, प्रतिविषाची रिअॅक्शन आलीच तर म्हणून, अ‍ॅड्रिनॅलिन भरून ठेवा, प्रतिविष सुरू करा, मग गाडी. विंचवाच्या दंशावर देतात त्या प्राझोसिनचं उलट, ते काटेकोर वजनावर, किलोमागे ३० मायक्रोग्रॅम. ते वापरायला शिकवलं महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी, १९८६ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये लिहून. कोकणातल्या तालुक्याच्या गावी बसून केलेलं काम आहे हे. आपल्या केंद्रात काय होणार, असं वाटेल त्या दिवशी एवढं आठवलं तरी मला बरं वाटतं.

आणि घाबरू नका. तापाबरोबर येणाऱ्या बहुतेक आकड्या पाच मिनिटांच्या आत आपोआप थांबतात. तुमच्यापर्यंत पोचलेली बरीच मुलं रडत असतील, आणि रडणारं मूल श्वास घेत असतं. उगाच रेफर केलं म्हणून कॅज्युअल्टीत कोणी टोमणा मारला तर मारू दे. मला मारलेत, त्यातले निम्मे बरोबरही होते. पण चिठ्ठी अर्धवट होती म्हणून कोणी काही बोललं तर निमूट ऐकून घ्या. तिथे आपली बाजू नसते.

त्या मुलीनंतर मी एक वही केली. नाव नाही, फक्त तारीख, वय, मी काय समजले, आणि शेवटचा रकाना तिथे काय निघालं त्याचा. तो भरायला दुसऱ्या दिवशी फोन करावा लागतो. सुरुवातीला लाज वाटायची, कारण दोन्ही रकाने क्वचितच जुळायचे. न्यूमोनिया म्हणून पाठवलेलं एक मूल हृदयाच्या आजाराचं निघालं. हृदय थकलं की यकृत मोठं होऊन खाली उतरतं, ते मी चाचपलंच नव्हतं. तेव्हापासून धाप लागलेल्या प्रत्येक मुलाच्या पोटावर हात जातो. या महिन्याच्या पानावर दोन रकाने अजून रिकामे आहेत. उद्या ओपीडीची रांग लागायच्या आधी फोन करायचाय.