मुंबई ते लंडन: विमानाचं अंतर आणि वेळ कशी काढायची

भिंतीवरच्या नकाशावर दोन शहरं पट्टीने जोडून अंतर मोजू नका. पृथ्वी गोल असल्याने सर्वांत जवळचा मार्ग सपाट नकाशावर उत्तरेकडे वाकलेला दिसतो. म्हणून हिशेब अक्षांश-रेखांशांवरून करायचा.

मुंबई विमानतळ १९.०९ उत्तर, ७२.८७ पूर्व, लंडनचा हीथ्रो विमानतळ ५१.४७ उत्तर, ०.४५ पश्चिम. आकडे अंश-मिनिटांत मिळाले तर मिनिटांना ६० ने भागा: ५१ अंश २८ मिनिटं म्हणजे ५१.४७, ५१.२८ नव्हे. पश्चिम रेखांशाला उणे चिन्ह हवंच. लंडनसाठी ते विसरलं तर उत्तर साधारण ६० किमीनेच घटतं, त्यामुळे चूक पकडली जात नाही. न्यूयॉर्कसाठी विसरा, साडेबारा हजारांऐवजी २,४०० किमी येतील!

आता दोन्ही अक्षांशांच्या साइनचा गुणाकार करा (०.२५५८). मग त्यांच्या कोसाइनचा गुणाकार (०.५८८७) रेखांशांतल्या फरकाच्या, म्हणजे ७३.३२ अंशांच्या, कोसाइनने (०.२८७०) गुणा. दोन्हींची बेरीज ०.४२४८. तिची व्यस्त कोसाइन (म्हणजे ज्याची कोसाइन इतकी येते तो कोन) ६४.८६ अंश. एका अंशाला १११.२ किमी धरले की ७,२१२ किमी. नॉटिकल मैल हवे असतील तर अंशांना ६० ने गुणा: ३,८९२. एक्सेलला कोन रेडियनमध्ये (कोन मोजायचं दुसरं एकक) लागतात. थेट अंश टाकले तर भलतंच उत्तर येतं.

हे झालं किमान अंतर. प्रत्यक्षात विमान या रेषेवरून जातंच असं नाही. ही रेषा पाकिस्तान, इराण, काळा समुद्र आणि युक्रेनवरून जाते. युक्रेनचं आकाश फेब्रुवारी २०२२ पासून नागरी विमानांना बंद आहे, आणि एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय कंपन्यांना आपली हवाई हद्द बंद केली. त्यामुळे ८ टक्के वळसा धरा: ७,७९० किमी. तणाव वाढला की हाही आकडा तोकडा पडतो.

मोठ्या जेटचा वेग उंचावर ताशी सुमारे ९०० किमी. जाताना पश्चिमेकडून येणारा वारा समोरून लागतो, म्हणून सरासरी ५० वजा करा: ७,७९० भागिले ८५० म्हणजे ९.१६ तास, अर्थात ९ तास १० मिनिटं. (दशांशाची मिनिटं करताना ६० ने गुणायचं, इथे बरेच जण फसतात.) धावपट्टीपर्यंत जाणं, चढण-उतरण यांची ३० मिनिटं मिळवा: ९ तास ४० मिनिटं. परतीला वारा पाठीशी, म्हणून ९५० ने भागा: एकूण ८ तास ४२ मिनिटं. हिवाळ्यात हा वारा जोरदार असतो, तेव्हा ५० ऐवजी ८० धरलेले बरे.

घड्याळाचा हिशेब शेवटी, वेगळा. लंडन हिवाळ्यात साडेपाच तास मागे. मार्चच्या शेवटच्या रविवारपासून ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपर्यंत साडेचार. वरचे ९ तास ४० मिनिटंच धरून, मुंबईहून दुपारी १ ला निघालात तर भारतीय वेळेनुसार रात्री १०:४० ला पोहोचाल. तिथे तेव्हा जानेवारीत संध्याकाळचे ५:१० वाजलेले असतील, जुलैत ६:१०.