दख्खनी लोकरीच्या कामात यायचंय? आधी वजनकाटा शिका, रंग नंतर

"ताई, नॅचरल डाइंग शिकायचंय, लोकल लोकरीत काहीतरी करायचंय, कुठून सुरू करू?" असे मेसेज हल्ली बरेच येतात, आणि पाठवणारी मुलं बहुतेक वांद्र्यात नाहीतर फोर्टात एखादं वीकेंड वर्कशॉप करून आलेली असतात. रुमालावर झेंडूचा पिवळा चढला की वाटतं जमलं. अरे पण तो रुमाल सुती असतो नाहीतर सिल्कचा! लोकर तिथे कोणी आणत नाही, कारण तिला मेंढीचा वास येतो आणि दोन तासांत फोटो काढण्यासारखं काही होत नाही. असो. पिंजणं, कातणं, खड्डामाग (खड्ड्यात पाय सोडून चालवायचा हातमाग), ताण्याला म्हणजे मागावरच्या उभ्या धाग्यांना चिंचोक्याची खळ, रंग धरायला तुरटी-हिराकस (लोखंडाचा क्षार) हे सगळं तुम्हाला निदान ऐकून माहीत आहे असं धरून लिहितेय.

रंगाचं आधी उरकून टाकते, कारण त्यात जेवढं गूढ दाखवतात तेवढं नाही. दख्खनी मेंढी बहुतेक काळी, करडी, तपकिरी. काळ्यावर मंजिष्ठ, म्हणजे लाल रंग देणारं मूळ, चढत नाही, म्हणजे चढते पण दिसत नाही, तेव्हा रंगवायला पांढरी आणि फिकट करडी वेगळी काढून घ्या आणि काळीला काळीच राहू द्या, ती तशीच सुंदर असते. हळद उन्हात उडते. बीट हा रंगच नाही, ती कोशिंबीर आहे. हिराकस लोकरीच्या वजनाच्या एक-दोन टक्क्यांच्या वर नेऊ नका, धागा कडक होऊन तुटायला लागतो. गरम भांड्यातून काढून थेट नळाखाली धरून चोळलीत तर सूत राहणार नाही, नमदा होईल, म्हणजे तंतू एकमेकांत घट्ट गुंतून गठ्ठा होईल. भांड्यातच गार होऊ द्या. आणि पाणी बघा. महापालिकेचं तलावाचं पाणी सौम्य, म्हणजे कमी क्षारांचं असतं, त्यात मंजिष्ठ जरा नारिंगीकडे झुकते, चिमूटभर खडूची पूड टाकली की लालाकडे येते. टँकर बोअरवेलचा आला की तीच रेसिपी, तेच भांडं आणि छटा वेगळी. वही ठेवलीत तर वर्षभरात हात बसतो, खरंच बसतो, घाबरू नका.

घाबरायचं असेल तर वजनाला घाबरा.

मी शिवडीला एका गाळ्यात कामाला होते, स्टुडिओचं नाव सांगत नाही. माझ्याकडे स्टोअर, म्हणजे धुतलेली लोकर मोजून फलटणकडे कातायला पाठवायची आणि सूत आलं की जमाखर्च लिहायचा. लोकर जायची ऐन पावसाळ्यात, आमच्या काट्यावर मोजून. सूत तयार व्हायचं उन्हाळ्यात आणि वजनाची चिठ्ठी तिथेच व्हायची. दरवेळी सूत कमी. मालकांचं गणित सरळ, पिंजण्या-कातण्यात वजनाची अमुक टक्के घट धरलीय, त्याच्या वरचं कुठे गेलं? म्हणून कातणाऱ्या बायकांच्या मजुरीतून कापलं आणि "तू लक्ष देत नाहीस" म्हणून माझ्याही पगारातून कापलं. तिथली एक आक्का, सत्तरीच्या पुढची, दरवेळी एकच म्हणायची, "देताना आमच्या काट्यावर मोजून द्या बाई, नायतर बालंट आमच्यावरच येतंय." मालक हसायचे, गावचा काटा म्हणे!

तर झालं काय होतं ते नीट सांगते, कारण हे कुठल्याच वर्कशॉपात सांगत नाहीत. लोकर हवेतली ओल पिते. स्वतःच्या वजनाच्या जवळपास ३० टक्के ओल पोटात घेऊनही ती हाताला कोरडीच लागते, त्यामुळे संशयही येत नाही. कापसाचं असं इतकं होत नाही. समजा भट्टीत १०५ अंशांवर, वजन हलायचं थांबेपर्यंत वाळवलेली लोकर भरली ४ किलो. मुंबईच्या जुलैत, हवेत ८५-९० टक्के आर्द्रता असताना ती साधारण २४ टक्के ओल धरेल, काटा दाखवणार ४ किलो ९६० ग्रॅम. तीच लोकर फलटणच्या एप्रिलात १० टक्क्यांवर आली की काटा दाखवणार ४ किलो ४०० ग्रॅम. ५६० ग्रॅम गेले, आणि कोणी एक धागा उचललेला नाही! पिंजताना उडालेला चुरा, कातताना तुटलेलं ते याच्यावर आणखी वेगळं. म्हणजे ज्याला मालक चोरी म्हणत होते तो आमचा पाऊस होता. व्यापारात ही ओल ठरवून धरतात, धुतलेल्या लोकरीला साधारण १६ टक्के, ती माहिती टेक्स्टाइलच्या कुठल्याही पाठ्यपुस्तकात मिळते, पण ते उघडायचं कोणी, सगळ्यांना इंडिगोच्या पिंपात हात बुडवून रील करायची असते.

उपाय अगदी स्वस्तातला आहे. एक साक्षीदार लडी, म्हणजे फक्त ओल ओळखण्यासाठी ठेवलेली जुडी, करा. धुतलेल्या लोकरीची, ओव्हनमध्ये वाळवून गरम असतानाच पटकन मोजलेली, बरोब्बर १०० ग्रॅमची. तिला लाल दोरा बांधा म्हणजे चुकून विणायला जाणार नाही. ही लडी मालाच्याच खोलीत उघड्यावर टांगून ठेवायची, आणि माल मोजायच्या आधी हिला मोजायचं. आज ती १२२ ग्रॅम भरली, आणि मालाचा गठ्ठा ६ किलो १०० भरला, तर भागिले १.२२, म्हणजे कोरडी लोकर ५ किलो. चिठ्ठीवर दोन्ही आकडे लिहा. दुसरी अशीच लडी कातणाऱ्यांकडे ठेवा आणि त्यांना कशाला ते समजावून सांगा, त्यांना आपल्याआधी कळतं. माल प्लास्टिकच्या पिशवीत आला असेल तर आल्या आल्या मोजू नका, दोन-तीन दिवस मोकळा पसरून ठेवा. आणि रंगाच्या रेसिपीतले टक्के पण याच कोरड्या वजनावर धरा, नाहीतर जुलैत रंगवलेली लडी आणि मार्चमधली लडी शेजारी ठेवल्यावर मंजिष्ठेची छटा हललेली दिसते आणि गिऱ्हाईक नेमकं तेच दाखवतं. यापुढे ज्या गुरूला तुम्ही "घट किती धरता आणि कुठल्या महिन्यातली" असं विचाराल आणि तो चिडेल, त्याच्याकडे फुकटातसुद्धा राबू नका. हे मी रागाने लिहितेय, मान्य, तरी खरं आहे.

आता रीजनरेटिव्ह, म्हणजे जमीन सुधारत जाईल अशा पद्धतीने पिकवलेलं, या शब्दाबद्दल. कॅलिफोर्नियात रिबेका बर्जेस या बाईंनी २०१० मध्ये घरापासून १५० मैलांच्या आत पिकलेल्या आणि बनलेल्या कपड्यांवर राहायचं ठरवलं, त्यातून फायबरशेड ही संस्था उभी राहिली. १५० मैल म्हणजे साधारण २४० किलोमीटर. दादरला कंपासचं टोक ठेवून वर्तुळ काढा, सातारा, फलटण, अहिल्यानगर सगळं आत येतं, म्हणजे आपल्यालाही जमण्यासारखं आहे. पण त्यांच्यासारखं "अमुक फार्मची लोकर" असं लेबल आपल्याकडे छापाल तर ते खोटं होईल. धनगराचा वाडा, म्हणजे कळप आणि कुटुंबांचा फिरता तळ, दिवाळीनंतर घाट उतरून कोकणात येतो, पावसाच्या तोंडावर परत वर जातो, आणि वाटेत शेतकरी आपल्या रानात मेंढ्या बसवून घेतात, लेंडी-मूत जमिनीत मुरतं, बदल्यात धान्य नाहीतर पैसे. जमीन सुधारते ती अशी, एका कुंपणाच्या आत नाही. तेव्हा लेबलवर कळप कोणाचा आणि कातरणी कुठल्या हंगामातली एवढंच लिहा, विचारलं तर सांगता येईल असं. ज्याला हा शब्द फक्त किंमत वाढवायला हवाय त्याला मेंढ्या बसवायचा अर्थ विचारून बघा, मजा येते.

विकण्याबद्दल थोडं. ही लोकर जाड आहे, टोचते, मेरिनो मेंढीसारखी मऊ नाही. गळ्यातली शाल म्हणून विकायला गेलात तर परत येईल. जाजम, पिशव्या, खुर्च्यांचं कापड, अस्तर लावलेलं जॅकेट, हे चालतं. मऊ हवी तर जावळाची, म्हणजे कोकराची पहिली कातरण, पण ती थोडीच निघते आणि महागही पडते. जाडी मोजून हवी असेल तर ठाण्यात वूल रिसर्च असोसिएशन आहे, उगाच "फाइन क्वालिटी" लिहू नका. साठवण करताना कसर लागते, पावसाळ्यात तर नक्की, कडुलिंबाच्या पाल्यावर अवलंबून राहू नका, महिन्याला गठ्ठे सोडून झटका आणि ऊन पडेल तेव्हा पसरा. पहिली दोन-तीन वर्षं यावर घर चालणार नाही, नोकरी सोडू नका, मी आजही आठवड्यातले काही दिवस दुसरीकडे ले-आउटचं काम करते आणि त्याची लाज वाटत नाही.

पहिली खरेदी छोटी करा. कातरणी वर्षातून साधारण दोनदा होते, आधी फोन करून जा, वाडा कुठे आहे ते विचारूनच निघा. मूठभर लोकर घेऊन मोजा, घरी धुवा, वाळवा, परत मोजा. माती, काटे, गोखरू जाऊन काय उरतं ते कळलं की मग मोठा माल सांगा. भावात घासाघीस करू नका. बऱ्याच ठिकाणी कातरणाऱ्याची मजुरी लोकरीच्या भावापेक्षा जास्त पडते आणि लोकर टाकून देतात, मांसाचा भाव चांगला म्हणून माडग्याळसारख्या मेंढ्या कळपात येतायत आणि लोकर कमीच होत चाललीय. पैसे तिथल्या तिथे द्या, आणि त्यांच्या काट्यावर मोजा, दोघांच्या समोर. साक्षीदार लडी बरोबर न्यायला विसरू नका.