कुत्र्याला बोर्डिंगला किंवा ट्रेनिंगला ठेवताय? या चुका टाळा

दिवाळी आणि मे महिना जवळ आला की पुण्यातल्या सगळ्या डॉग बोर्डिंगचे फोन वाजायला लागतात, गणपतीत कोकणात जाणारे वेगळेच, आणि बहुतेकांचा पहिला प्रश्न एकच असतो की दिवसाचे किती घेता. विचारा ना, पैसे तर विचारायलाच हवेत, पण त्याआधी बरंच काही विचारायचं असतं आणि त्याहून जास्त सांगायचं असतं. मी शहराबाहेरच्या एका बोर्डिंगमध्ये काम करते, सांभाळणं आणि ट्रेनिंग दोन्ही चालतं आमच्याकडे, आणि रोज जे बघते त्यावरून सांगते की इथे जे बिघडतं त्यातलं बरंचसं कुत्रा गेटमधून आत यायच्या आधीच बिघडलेलं असतं. कुत्रा आजारी पडला, पळाला, चावला, जेवेनासा झाला, ट्रेनिंग करून घरी गेला आणि आठवड्यात पुन्हा होता तसा झाला, मागे जाऊन बघितलं की घरच्यांनी न सांगितलेली किंवा न केलेली एखादी गोष्ट सापडतेच.

"आमचा काहीच करत नाही हो"

सगळ्यात मोठी चूक हीच, म्हणून यावरच जास्त लिहिते. फॉर्मवर 'कधी कुणाला चावलाय का' याच्यापुढे सरळ 'नाही' लिहून जातात आणि त्याच संध्याकाळी जेवणाचं भांडं उचलायला गेलेल्या, आमच्याकडे काम करणाऱ्या मुलाच्या हाताला दात लागतात. मग फोन केला की कळतं, हां, जेवताना तो कुणाला जवळ येऊ देत नाही, पण आम्ही जातच नाही ना जवळ. अहो, हेच सांगायचं होतं! जेवणावर, खेळण्यावर, एखाद्या कोपऱ्यावर हक्क दाखवणं हे खूप कुत्र्यांमध्ये असतं, त्यात तुमची लाज जाण्यासारखं काही नाही. आधी कळलं तर आम्ही त्याला एकट्याला बंद केनेलमध्ये, म्हणजे त्याच्या खोलीत, जेवायला देतो, तो फिरायला बाहेर पडला की मगच भांडं उचलतो, विषय संपला. नाही कळलं तर एका माणसाची जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली 15 मिनिटं धुवायची, मग त्याला सरकारी दवाखान्यात न्यायचं आणि रेबीजच्या इंजेक्शनसाठी त्या दिवशी, मग तिसऱ्या, सातव्या आणि 28व्या दिवशी फेऱ्या. आणि अशा वेळी कुत्र्याचं लसीचं कार्ड 'घरी राहिलं वाटतं' असेल तर त्या मुलाच्या घरच्यांचं काय होत असेल याचा विचार करा.

लोकांना भीती असते की खरं सांगितलं तर घेणार नाहीत. काही ठिकाणी नाहीच घेणार. पण 'आम्हाला हा झेपणार नाही' असं तोंडावर सांगणारी जागा चांगली समजा, वाईट नाही.

चावण्याचं झालं, बाकीही असंच आहे. भिंतीवरून उडी मारतो का, दार उघडं दिसलं की सुटतो का, हे सांगा. कारवानी किंवा मुधोळ ज्यांच्याकडे आहे त्यांनी तर आवर्जून सांगा, पळण्यासाठी आणि शिकारीसाठीच पिढ्यान् पिढ्या सांभाळलेली कुत्री आहेत ती, साधं कुंपण त्यांना पुरत नाही. ढगांच्या गडगडाटाला, फटाक्यांना घाबरतो का तेही, कारण घाबरलेला कुत्रा अशा जागांमधून बाहेर पडतो जिथून एरवी मांजर जाणार नाही असं वाटतं. मादी हीटवर, म्हणजे माजावर, असेल किंवा यायची असेल तर तारखेसकट सांगा, वर्षातून साधारण दोनदा येते आणि तीनेक आठवडे चालते, त्या काळात इथले नर जेवण सोडतात, आपापसात भांडतात, आणि नको असलेली पिल्लं झाली तर ती जबाबदारी पुन्हा तुमच्याच घरी येणार.

आणि औषधं. फिट येणाऱ्या कुत्र्याची गोळी 'चारच दिवस आहेत, राहू दे' म्हणून पाठवली नाही असं करतात लोक, हे फार धोक्याचं आहे, फिटची गोळी एकदम बंद झाली तर त्यानेच फिट येऊ शकते. गोळ्या दोन-तीन दिवसांच्या जास्तीच्या द्या, वेळ कागदावर लिहून द्या, आणि घरी कशात घालून देता तेही लिहा, पनीरमध्ये की पोळीत.

लस आदल्या दिवशी टोचून आणणं

कार्डवर तारीख पडली म्हणजे काम झालं असं नसतं. लस टोचली की शरीराला तयारी करायला दिवस लागतात, आणि पहिल्यांदाच देत असाल तर काही लसींचे तीन-चार आठवड्यांच्या अंतराने दोन डोस लागतात. त्यामुळे तिकीट बुक केलं की त्याच आठवड्यात डॉक्टरांना कार्ड दाखवा, निघायच्या आदल्या रात्री नाही. अँटी-रेबीज आणि पार्वो-डिस्टेंपर या विषाणूंच्या आजारांवरची एकत्र येणारी लस बहुतेकांची असते, राहते ती केनेल कफची, म्हणजे कुत्र्यांच्या संसर्गजन्य खोकल्याची, आणि नेमकी बोर्डिंगला जाताना तीच लागते. ती घेतली तरी खोकला होणारच नाही अशी गॅरंटी नाही, कारण तो खोकला वेगवेगळ्या जंतूंमुळे होतो, पण झाला तर बराच हलका जातो.

पिल्लांच्या बाबतीत मी जरा कडकच बोलते. सहा-आठ आठवड्यांना लस सुरू होते आणि दर तीन-चार आठवड्यांनी करत साधारण 16 आठवड्यांपर्यंत कोर्स चालतो, तो पूर्ण व्हायच्या आधी पिल्लू कुठल्याही बोर्डिंगला ठेवू नका, आमच्याकडेही नको. पार्वोचा विषाणू मातीत, फरशीच्या फटीत महिनोन् महिने टिकतो, नुसत्या फिनाईलवर भरवसा ठेवता येत नाही, ब्लीच लागतं, आणि लॉनच्या मातीला ब्लीच कसं घालणार? नात्यातलं कुणीतरी घरी येऊन राहू दे, किंवा ट्रिप पुढे ढकला.

गोचीड हा आपल्याकडचा वेगळा विषय, पावसाळा आणि नंतरचे महिने तर विचारूच नका. एक कुत्रा गोचीड घेऊन आला की त्या भिंतींच्या फटीत जातात, तिथे अंडी घालतात आणि मग सगळ्या केनेलला त्रास. टिक फीवरची, म्हणजे गोचिडांमुळे होणाऱ्या तापाची, लक्षणं गोचीड चावल्यावर एक ते तीन आठवड्यांनी दिसतात, त्यामुळे तुमच्या कुत्र्याला तो कुठे झाला हे नंतर भांडून ठरत नाही. महिन्याची किंवा तीन महिन्यांची गोळी मिळते, डॉक्टरांना विचारून वजनाप्रमाणे द्या आणि दिल्याची तारीख आम्हाला सांगा. आदल्या दिवशी आंघोळ घालून, शॅम्पूचा वास येतोय म्हणजे गोचीड नाहीत असं समजू नका, कानाच्या आत आणि बोटांच्या मध्ये बघा.

फोटो बघून जागा ठरवणं

हिरवं लॉन, निळा पूल, रंगीत भिंती. छान दिसतं, पण कुत्रा रात्री कुठे झोपतो ते बघा. न सांगता जाऊ नका, पण 'आत बघू देत नाही' म्हणाले तर तिथे ठेवू नका. रात्री आवारात माणूस राहतो का, नक्की कोण, त्याला आजारी कुत्रा ओळखता येतो का, हे विचारा. गेट दुहेरी आहे का बघा, म्हणजे एक बंद झाल्याशिवाय दुसरं उघडत नाही असं. लाईट गेली तर पंख्याचं काय, कारण पग, बुलडॉग, शिट्झू या चपट्या नाकाच्या कुत्र्यांना एप्रिल-मेची दुपार खरोखर जीवघेणी ठरू शकते, आणि दाट केसांच्या हस्कीला पण. दिवसभर साखळीला बांधून ठेवत असतील तर निघून या, आखूड किंवा जड साखळीला बराच वेळ बांधून ठेवणं हा 1960च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे. जवळचा डॉक्टर कोण, रात्री दोन वाजता कुठे नेणार, आणि तुमचा फोन लागला नाही तर कोणाला विचारून उपचार करायचे, हे कागदावर लिहून द्या. विमानात असताना, परदेशात असताना फोन लागत नाही आणि इकडे पोट फुगलेला जर्मन शेफर्ड घेऊन आम्ही उभे असतो, तिथे अर्धा तास पण महाग पडतो.

पहिलाच मुक्काम दहा दिवसांचा नको. महिनाभर आधी एक रात्र ठेवून बघा, कुत्र्याला कळतं की माणसं परत येतात.

डबा, चादर आणि गेटवरचा निरोप

खाणं घरचंच द्या. घरी दही-भात आणि चिकन खाणाऱ्याला इथे एकदम कोरडं फूड चालू केलं की दुसऱ्या दिवशी लूज मोशन, मग तुम्हाला वाटतं इथलं पाणी खराब. खाणं बदलायचं असेल तर घरी आठवडाभर थोडं थोडं मिसळून बदला आणि मग आणा. नवीन महागडा बेड आणू नका, तुमच्या वासाची न धुतलेली जुनी चादर किंवा टी-शर्ट आणा.

पट्टा घट्ट करून आणा, गळा आणि पट्टा यांच्यामध्ये दोन बोटं जातील इतकाच सैल. कुत्री हरवण्याची सगळ्यात धोक्याची वेळ म्हणजे गाडीतून गेटपर्यंतचं अंतर, नवीन जागा, आतून भुंकणारे आवाज, कुत्रा मागे खेचतो आणि डोकं पट्ट्यातून निसटतं. हार्नेस, म्हणजे छातीभोवती बांधायचा पट्टा, आणि गळ्यातला पट्टा दोन्ही घाला, लीश लहान मुलांच्या हातात देऊ नका.

निरोप छोटा ठेवा. मला कळतं हो, लेकरासारखा वाढवलेला असतो, पण गेटवर अर्धा तास मिठी मारून रडलं की त्याची बेचैनी वाढते. व्हिडिओ कॉलचंही तसंच, काही कुत्री आवाज ऐकून तासभर गेटपाशी तुम्हाला शोधत बसतात. व्हिडिओ मागवा, जरूर मागवा, पण तुमचा आवाज त्याला ऐकवायचा की नाही ते तिथल्या माणसावर सोडा.

ट्रेनिंग 'करून मिळेल' असं समजणं

महिनाभर ठेवलं, पैसे भरले, आता सुधारून द्या, असं होत नाही. कुत्रा 'बस' शिकतो ते या ट्रेनरबरोबर, या ग्राउंडवर, या वेळी. तुमच्या हॉलमध्ये, बेल वाजलेली असताना, पाहुणे दारात असताना बसायचं हे त्याला तिथे पुन्हा शिकवावं लागतं, आणि ते तुम्हीच शिकवणार. म्हणून घरी नेताना घरातल्या सगळ्यांनी किमान दोन-तीन सेशनला या, आजी-आजोबांना पण आणा, कारण टेबलाखालून पोळीचा तुकडा तेच देतात आणि 'भीक मागू नको' वर केलेली सगळी मेहनत तिथेच जाते. शब्द एकच ठरवा. आई 'बस' म्हणते, दादा 'सिट', बाबा 'सिट डाऊन', आणि मग सगळे म्हणतात हा ऐकतच नाही.

मारून, गळा आवळून, शॉक कॉलर लावून शिकवणाऱ्यांकडे पाठवू नका. 'त्याला दाखवून द्यायचं मालक कोण' हे जे ऐकवतात ते आलं बंदिस्त लांडग्यांवरच्या जुन्या अभ्यासातून, रुडॉल्फ शेंकेल यांचं ते काम 1947 चं, आणि पुढे डेव्हिड मेक यांनी 1999 मध्ये मोकळ्या रानातल्या लांडग्यांबद्दल लिहिलं की कळप म्हणजे साधारणपणे आई-बाप आणि त्यांची पिल्लं, अल्फा, म्हणजे कळपाचा म्होरक्या, होण्यासाठी तिथे भांडणं चालत नाहीत. अमेरिकेतल्या प्राणी-वर्तनाच्या डॉक्टरांच्या संघटनेने 2021 मध्ये स्पष्ट म्हटलंय की बक्षीस देऊनच शिकवा, वर्तनाच्या तक्रारींसाठीसुद्धा. आणि माझ्या रोजच्या कामातलं सांगते, गुरगुरल्याबद्दल मार खाल्लेला कुत्रा गुरगुरणं सोडतो, भीती सोडत नाही, मग पुढच्या वेळी सूचना न देता थेट चावतो. 'महिनाभर भेटायला यायचं नाही, व्हिडिओ मिळणार नाही' असं कुणी म्हटलं तर कुत्रा तिथे ठेवू नका.

घरी आणल्यावर काय नॉर्मल, काय नाही

एक-दोन दिवस नुसता झोपला तर झोपू द्या, बोर्डिंगमध्ये आवाजामुळे झोप कमी होते. भुंकून आवाज बसलेला असू शकतो. आल्या आल्या भांडंभर पाणी पितो, थोडं थोडं द्या, जेवणही पहिल्या दिवशी कमीच. घरात शू केली तर रागवू नका, दोन-चार दिवस दर दोन-तीन तासांनी बाहेर न्या, येतो लाइनवर.

लूज मोशन एखादा दिवस चालतं, पण त्यात रक्त दिसलं, उलट्या सोबत असल्या किंवा पिल्लू असेल तर वाट न बघता डॉक्टर. घरातली माणसांची गोळी देऊ नका, क्रोसिन, कॉम्बिफ्लामसारख्या गोळ्या कुत्र्यांना विषारी ठरू शकतात. ताप 103 फॅरनहाइटच्या वर, हिरड्या पांढरट, नाकातून रक्त, जेवण बंद, यातलं काहीही दिसलं की टिक फीवरची तपासणी करून घ्या. आणि हात वर केला की दबून बसायला लागला, पट्टा बघून पळायला लागला, जो आधी असा नव्हता, तर तिथे त्याच्याशी काय झालं हे त्या जागेला विचारा, सीसीटीव्ही मागा, पुन्हा तिथे नेऊ नका.

घशात काही अडकल्यासारखा कोरडा खोकला दोन दिवसांपासून दोन आठवड्यांपर्यंत कधीही सुरू होऊ शकतो. सोसायटीतल्या इतर कुत्र्यांपासून लांब ठेवा, पट्ट्याऐवजी हार्नेस वापरा, डॉक्टरांना दाखवा, आणि आम्हाला त्याच दिवशी कळवा, म्हणजे त्या आठवड्यात त्याच्याबरोबर राहिलेल्या बाकीच्या कुत्र्यांच्या घरी आम्हाला फोन करता येतात.