किनाऱ्यानं दोघांनी पायी जाताय? या चुका टाळा

रेवस ते रेडी हा कोकणकिनारा एका दमात चालायला लागेल एवढी सुट्टी नोकरदार जोडप्याला सहसा मिळत नाही. म्हणून दोन दिवस इथं, तीन दिवस तिथं असे टप्पे पाडायचे आणि पुढच्या वेळी थांबलो तिथूनच निघायचं. या पद्धतीत गावं नीट बघून होतात आणि रस्ते ओळखीचे होतात. बेत फसतो तो बहुतेकदा टप्पा चुकीच्या जागी तोडल्यामुळे. पाय त्या मानानं कमी दगा देतात.

टप्पा किलोमीटरवर पाडणं

‘रोज वीस किलोमीटर’ असं ठरवून निघालात, तर विसावा किलोमीटर एखाद्या निर्मनुष्य सड्यावर, म्हणजे उघड्या कातळपठारावर, संपेल. कोकणात टप्प्याची हद्द खाडी ठरवते. बाणकोटची खाडी, वाशिष्ठी, शास्त्री ही पाणी मोठी आहेत. बागमांडला ते वेश्वी, दाभोळ ते धोपावे, तवसाळ ते जयगड अशा फेरीबोटी आहेत. दाभोळहून पलीकडचं धोपावे समोर दिसतं, पण बोट चुकली तर रस्त्यानं थेट चिपळूणपर्यंत आत शिरून वळसा पडतो. त्यामुळे संध्याकाळी जेटीच्या गावात टप्पा संपवावा आणि बोट दुसऱ्या दिवशी सकाळी धरावी. दाभोळला मुक्काम केलात, तर चंडिकादेवीचं गुहेतलं देऊळ आणि आदिलशाहीच्या काळातली दगडी मशीद बघायला सवडही मिळते. बोटीच्या वेळा आदल्या दिवशी फोनवर विचाराव्यात.

दुसरी हद्द घाटीची. दोन गावांमधला समुद्रकिनारा सपाट दिसतो, पण रस्ता मध्येच डोंगरावर चढून पलीकडे उतरतो. रत्नागिरीजवळच्या आरे-वारेचा रस्ता मोटारीतून जितका देखणा, तितकाच पायांना जड. असा चढ असलेल्या दिवशी अंतर निम्म्यावर आणा. सुरुवातीला दिवेआगरहून शेखाडी, आरावीमार्गे श्रीवर्धन हा टप्पा घ्या. समुद्र बराच वेळ सोबत असतो.

परतीची गाडी गृहीत धरणं

आडगावची एसटी दिवसातून मोजक्याच वेळा येते, आणि मोबाइलवरचं वेळापत्रक कधी कधी जुनं असतं. वेळ स्टॉपवरच्या दुकानदाराला विचारावी. स्वतःची गाडी असेल तर ती टप्प्याच्या शेवटी लावा, सकाळच्या एसटीनं सुरुवातीच्या गावी या आणि आपल्या गाडीकडे चालत जा. मग दिवसभर घड्याळाची धास्ती राहत नाही. गाडी नसेल तर वस्तीची एसटी शोधा. ती रात्री गावातच मुक्कामाला असते आणि पहाटे निघते.

शेजारी शेजारी चालणं

गप्पा मारत जोडीनं चालावंसं वाटणं साहजिक आहे, पण या रस्त्यांना कडेला साईडपट्टी बहुधा नसतेच. आपल्याकडे वाहनं डावीकडून जातात, म्हणून आपण उजव्या कडेनं, समोरून येणारी गाडी दिसेल असं, एकामागे एक चालावं. उजवीकडे वळणाऱ्या आंधळ्या वळणावर मात्र आतली बाजू धोक्याची, तिथं आधीच रस्ता ओलांडून बाहेरच्या कडेला जावं. शनिवार-रविवार पर्यटकांच्या गाड्या सुसाट येतात. जमलं तर सोमवार ते गुरुवार चाला, तेव्हा रस्ता खरोखर शांत असतो.

जोडीनं चालताना आणखी एक गोष्ट घडते, तिच्याबद्दल कुणी बोलत नाही. जो भरभर चालतो तो पुढे जाऊन सावलीत बसतो. मागचा पोहोचतो तोवर पुढच्याची विश्रांती झालेली असते, आणि तो लगेच उठतो. मागच्याला दिवसभर बसायलाच मिळत नाही, मग दुपारी चिडचिड होते आणि भांडण वाटेवरून घरापर्यंत येतं. हळू चालणाऱ्यानं पुढे राहावं. दोघंही बसल्यावरच विश्रांतीची दहा मिनिटं मोजावीत. पाणी, पैसे आणि फोन दोघांकडे वेगवेगळे असावेत. सगळं एकाच पाठपिशवीत नको, कारण घाटीत रेंज जाते आणि चुकामूक झाली तर एकमेकांना फोन लागत नाही.

वाळूचा मोह

पुळणीवरून, म्हणजे किनाऱ्याच्या वाळूवरून, चालणं सुंदर असतं, पण भरतीची वेळ बघितल्याशिवाय उतरू नका. जुना हिशेब सोपा आहे: तिथीला तीननं गुणा, चारनं भागा, भरतीचा तास निघतो. चतुर्थीला तीनच्या सुमारास भरती, म्हणजे सकाळी नऊच्या आसपास ओहोटी. मग साडेसात ते साडेदहा पुळण मोकळी. अमावास्या-पौर्णिमेला उधाण असतं, तेव्हा पाणी जास्त वर चढतं. हा ढोबळ अंदाज आहे, म्हणून कोळीवाड्यात विचारून खात्री करा. खाडीचं मुख मात्र ओहोटीतही पायी ओलांडू नका. वरून उथळ दिसलं तरी खाली चिखल आणि ओढ असते. रस्त्यावर परतल्यावर पाय धुऊन, कोरडे करून मोजे बदला. वाळूचा एक कण तासाभरात फोड आणतो. कुठं चुरचुरलं की तिथंच थांबून चिकटपट्टी लावा, पुढच्या गावापर्यंत वाट बघू नका.

नुसतं पाणी पिणं

कोकणच्या दमट हवेत घाम वाळत नाही, अंग थंड होत नाही, आणि शरीरातलं मीठ मात्र जात राहतं. सड्यावर ना झाड ना घर. माणशी दोन-तीन लीटर पाणी असावं, आणि त्यासोबत मीठ घातलेलं कोकम सरबत किंवा ओआरएस. किनाऱ्यालगतच्या विहिरींचं पाणी कधी मचूळ निघतं, त्यावर अवलंबून राहू नका. नोव्हेंबरच्या अखेरपासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत चालावं, आणि तेव्हाही अकरा ते साडेतीन सावली धरावी. डोकं दुखणं, मळमळ, चक्कर ही लक्षणं दिसली तर तो टप्पा तिथंच संपला: सावलीत आडवं व्हा, मान आणि काखा ओल्या करा, घोट घोट प्या. जोडीदार असंबद्ध बोलू लागला तर तोंडातून काही पाजू नका, अंग ओलं करत वारा घाला आणि ताबडतोब 108 ला फोन करा.

न सांगता मुक्कामी पोहोचणं

गावातल्या घरगुती खाणावळीत जेवण मोजून शिजतं. येणार किती, मासे की शाकाहारी, हे दुपारपर्यंत कळवा. चालून उशीर होणार असेल तर तसंही सांगा, म्हणजे काकू तुमच्यासाठी सोलकढी बाजूला काढून ठेवतील.